मिस्त्रींची छिन्नी

सन १९४४, पौषातला मंगळवार. कारंज्याच्या कापूस दाबायच्या कारखान्याची मागची शेड. हजर : सखाराम मिस्त्री, नळ जोडणारा गणपत, राहणार धनज, आणि मी, भांडार कारकून.

तुटलेलं लोखंड मिस्त्री फेकू देत नसत. "कुठून तुटलं ते पाहू द्या," म्हणत आणि तुटल्या तोंडावर अंगठा फिरवत बसत. माझ्या कामांच्या यादीतली नोंद अडायची, मी चिडायचो. "बाबू, तुमच्या यादीत जेवाची वेळ लिवली हाय का?" ते विचारत.

लढाईमुळे नवे नळ मिळत नव्हते. वाफेचे जुने पोलादी नळ गणपत जोडून देई. जोड फुटला तर शेजारचा माणूस भाजून मरणार, म्हणून मिस्त्री एखाद्या नळातून छिन्नीने जोडासकट पट्ट्या कापत, तुळईला टांगत आणि खाली वजनं चढवत. त्या मंगळवारी तीनही पट्ट्या निम्म्या वजनालाच जोडावर तुटल्या.

"मिस्त्रीबुवा, जोड माहा पक्का हाय," गणपत म्हणाला.

"पक्का असता तं तुटला काहून? जाय, तुह्या हातचं काम नको आता."

त्या दिवशी घाई होती. मिस्त्रींनी अंगठा फिरवला नाही. मी लिहिलं : जोड कच्चा, गणपत कामावरून कमी. मालकांनी ते आसपासच्या कारखान्यांनाही कळवलं.

आठ दिवसांनी मिस्त्रींनी तुकडे उन्हात मांडले. तीनही तडे पट्टीच्या कडेवरल्या खाचेपासून निघाले होते. जोडाशी लोखंड जाड, म्हणून तिथे त्यांनीच छिन्नीचा दुसरा घाव घातला होता; खाच त्याची होती. त्याच नळाची नवी पट्टी काढून त्यांनी कडा कानशीने घासल्या आणि टांगली. होती नव्हती ती सगळी वजनं चढली. पट्टी तुटली नाही.

"जोड नाई तुटला, बाबू. म्या तोडला. लिवा."

मी लिहिलं. ते धनजला पायी गेले. घराला कुलूप होतं. कारंज्यात कोणी कामावर घेईना, म्हणून गणपत बायकापोरं घेऊन निघून गेला. कुठे, ते शेजाऱ्यांना ठाऊक नव्हतं. त्यानंतर मिस्त्री दर बाजाराला धनजची माणसं गाठून विचारत. छिन्नी त्यांनी पुन्हा हातात धरली नाही.

पुढच्या वर्षी ते तापाने गेले. आदल्या दिवशी चिंधीत गुंडाळलेली ती न तुटलेली पट्टी मला दिली. "भेटला तं त्याच्या हाती द्या. चूक माही होती म्हणा."

दर महिन्याला मी कामांची नवी यादी करतो. पहिली ओळ जुन्या यादीतून उतरवून घेतो : गणपतला पट्टी देणे.