दिवेलागणीची रांग

एसटी बारामतीबाहेर पडली तरी धोंडाबाईंनी तिकीट मुठीतच धरून ठेवलं होतं. ऐंशीच्या घरातल्या या बाई सहसा घाबरत नाहीत, असं त्यांच्या हाताखाली बाराखडी गिरवलेला कुणीही सांगेल. वर्गात साप निघाला तेव्हा त्यांनी आधी पोरांना ओळीनं बाहेर काढलं आणि मगच शिपायाला हाक मारली. आज मात्र त्या घाबरल्या होत्या. जीभ त्यांची घसरली होती आणि भोगायचं होतं दुसऱ्याला.

माळावरच्या शाळेचा दुसऱ्या दिवशी जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा होता. शाळा मूळची मिशनची. इंग्रजांच्या काळात काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा होता. अशी घरंच्या घरं आणून माळावर तारेच्या कुंपणात ठेवली होती. लोक त्या जागेला सेटलमेंट म्हणत. तिथल्या पोरांसाठी मिशननं तारेच्या आतच शाळा काढली. सकाळी अक्षरं, दुपारी सूतकताई, आणि दिवे लागायच्या वेळी लहानथोर सगळ्यांची हजेरी. नाव पुकारलं की डोकं उघडं करून एक पाऊल पुढं यायचं.

धोंडाबाई त्या तारेतच जन्मल्या. शाळेतल्या शिक्षिका, नगरकडच्या मार्थाबाईंनी त्यांचा हात धरून पाटीवर पहिलं अक्षर काढून घेतलं, तापात कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या. मार्थाबाई आठवल्या की धोंडाबाईंना तारेचा राग नीट धरता येत नसे. स्वातंत्र्यानंतर तार निघाली, शाळा राहिली, आणि पुढं धोंडाबाई तिथंच शिकवू लागल्या.

नव्या मुख्याध्यापिका स्वरालीबाई शाळेच्या जुन्या गोष्टी विचारायला घरी आल्या होत्या. चहा घेता घेता निमगाव केतकीच्या गेणबांचं नाव निघालं. कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य काढलेला, गावात मान असलेला माणूस. धोंडाबाई कौतुकानं बोलून गेल्या की गेणबा तर आमच्याबरोबर तारेच्या आत होता, हजेरीत त्याच्याइतकं ताठ कुणी उभं राहत नसे. स्वरालीबाईंनी गेणबांनाच पाहुणे म्हणून बोलावलं, आणि भाषणात हे सगळं सांगणार असल्याचं धोंडाबाईंना फोनवर हौसेनं कळवलं.

फोन ठेवल्यावर धोंडाबाईंना उमगलं. गेणबांनी घरात फक्त मिशनच्या शाळेत शिकलो एवढंच सांगितलं होतं. जात लोकांना ठाऊक होती. तार ठाऊक नव्हती. गेणबांना फोन करावा तर तो त्यांची नातसून उचलते. म्हणून त्या स्वतः निघाल्या.

गेणबा ओट्यावरच बसले होते. बाईंना बघताच पायलला, आपल्या नातीला, म्हणाले, "ऊठ गं, बाई आल्यात. आता एकोणतीसचा पाढा म्हणायला लागंल." पायल हसत आत पळाली. नातसून राजलक्ष्मी पाणी घेऊन आली. इंदापूरच्या मोठ्या घरातली मुलगी, कॉलेजातल्या ओळखीतून गेणबांच्या नातवाशी लग्न करून आलेली. उद्याचा समारंभ, आबांसाठी नवं धोतर, माहेरच्या मंडळींनाही बोलावलंय, असं ती भरभरून सांगत राहिली. माहेरची मंडळी म्हटल्यावर धोंडाबाईंनी पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला. गेणबांशी एकट्यानं बोलायला मिळावं म्हणून त्यांनी परसातला आंबा बघायचं निमित्त काढलं, तर आंबा दाखवायला पायलच पुढं झाली.

असं करता करता उन्हं गेली. राजलक्ष्मीनं गॅस बंद केला. पायलनं मोबाईल खाली ठेवला. गेणबा उठले, टोपी काढून हातात घेतली आणि फाटकाकडं तोंड करून अंगणात उभे राहिले. दोघी त्यांच्या शेजारी ओळीनं उभ्या राहिल्या.

"आमच्या घरचा रिवाज आहे, बाई," राजलक्ष्मी हळूच म्हणाली. "लक्ष्मी यायची वेळ असते ना."

तेवढ्यात गेणबांनी एक पाऊल पुढं टाकलं. मग पायलनं, मग राजलक्ष्मीनं. धोंडाबाईंनी ती रांग ओळखली. नाव पुकारणारं कुणी नव्हतं, बाकी सगळं तेच होतं. त्या चालत गेल्या आणि गेणबांच्या बाजूला उभ्या राहिल्या.

"गेणबा, माझी चूक झाली," त्या पुटपुटल्या. "स्वरालीबाईंना तारेचं बोलून गेले. उद्या त्या मांडवात सांगणार आहेत."

गेणबांनी हातातली टोपी एकदा फिरवली. "हजेरीचं बी?"

"हजेरीचंही. मी आत्ता फोन करते. नका बोलू म्हणून सांगते."

 गेणबा फाटकाकडंच बघत म्हणाले, "तार निघाली तरी आई आमाला रोज उभं करायची. हजेरीवाला शिपाई परत आला आन् आपण जाग्यावर नसलो तर, म्हणून. आई गेली. मला काय मोडवंना." त्यांचा आवाज आणखी खाली आला. "बाई, ह्यास्नी कळल्यावर ह्या उद्या माझ्याशेजारी उभ्या राहत्याल का वो?"

धोंडाबाईंनी पिशवीतून मोबाईल काढला.

"फोन नका करू," गेणबा म्हणाले. "परक्याच्या तोंडून कशाला?"

ते वळले आणि उभ्या उभ्याच त्यांनी दोघींना सांगितलं. तार, शिपाई, बाहेर जायला लागणारा पास, आणि ही रांग कसली ते. फार थोडक्यात सांगितलं, जणू मशीनमधला बिघाड दाखवत होते.

राजलक्ष्मी रांगेतून निघाली आणि घरात गेली. पायल आपल्या पायांकडं बघत राहिली. पुढं टाकलेलं पाऊल मागं घ्यावं की नाही, तिला कळत नव्हतं. आतून काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. धोंडाबाईंना वाटलं, कपाट उघडलं असेल, बॅग भरत असेल. संसार मोडला आपल्या जिभेनं.

राजलक्ष्मी बाहेर आली ती खुर्ची घेऊन. अंगणात, आबा उभे होते तिथंच तिनं ती ठेवली. डोळे लाल झाले होते.

"आबा, बसा," ती म्हणाली. "या वेळेला उभं नाही राहायचं आता. बसून सांगा सगळं, पहिल्यापासून. उद्या माझ्या माहेरच्यांनी विचारलं तर मला नीट सांगता आलं पाहिजे."

गेणबांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. बसले नाहीत. फाटकापलीकडं रस्ता अंधारत चालला होता.

"बसू?" त्यांनी धोंडाबाईंना विचारलं.

"बसा," धोंडाबाई म्हणाल्या. पण म्हणण्याआधी त्यांचीही नजर रस्त्यावर जाऊन आली.