तोंड दाखव: लिनक्स फोन घेऊन एकोडीला

लिनक्सचा फोन घेतल्यापासून घरात माझी रोज थट्टा होते. मी नागपुरात कॉम्प्युटर शिकवते, आणि कुठल्याही कंपनीची नजर नसलेला फोन वापरायची मला हौस आहे. त्यावर मेसेजचं नेहमीचं अ‍ॅप थेट चालत नाही. आत अँड्रॉइडची वेगळी खिडकी उघडून चालवावं लागतं. मेसेज येतात, आवाज जातो, समोरच्याचं चित्रही दिसतं. माझा कॅमेरा मात्र व्हिडिओ कॉलमध्ये काळाठिक्कर. शिवाय पडदा बंद झाला की फोन गाढ झोपतो, आणि उठवला की अडलेले सगळे मेसेज एकदम येऊन पडतात. नागपुरात याने माझं काही अडत नव्हतं.

एकोडीच्या मावशीने कळवलं, तलावावर पाहुणी बदकं उतरलीत. मी लगेच बॅग भरली. "जुना फोन सोबत ठेव," नवरा म्हणाला. मी तो कपाटातच ठेवला.

साकोलीपर्यंत एसटी सोयीची, बायकांना अर्धं तिकीट. लाखनीला ट्रकांच्या रांगेत बस बराच वेळ अडकली. साकोलीच्या स्टँडबाहेर तर्री पोहे खाल्ले. तिखट झेपत नसेल तर तर्री कमी सांगा. पुढे एकोडीला शेअर ऑटो मिळाला. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची शेतं, आणि मळणीची धूळ.

मावसाजींनी फाटकातच "जय भीम, बेटा" म्हणत बॅग घेतली. नव्या तांदळाचा भात, वांग्याची भाजी, पोटभर जेवण. जेवताना मावशीचा फोन सारखा वाजत होता. नागझिऱ्याच्या जंगलाच्या बाजूने वाघ शेतात येऊ लागल्यापासून गावाचा एक ग्रुप आहे. कुठे दिसला की त्यावर येतं. आणि दिवस मावळायच्या वेळी जो बाहेर असेल त्याने घरी व्हिडिओ कॉल करायचा.

"नुसता मेसेज नाही चालत?" मी विचारलं.

"नाही चालत," मावशी म्हणाली. "हे तुझे मावसाजी बांधीतच उभे राहतेत अन् लिवतेत, पोचलो. घरच्यायनं भेऊ नये म्हणून. सारे असेच. म्हून तोंड दाखवा लागते."

मावसाजी ताटात बघून हसले. मी माझ्या फोनची अडचण सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात भात वाढला गेला आणि ते राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकटीच तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावरच्या एका झाडाखाली जाऊन बसले. पाण्यावर बदकंच बदकं. फोन बॅगेत झोपलेला. ऊन उतरलं तेव्हा शेळ्या हाकत एक बाई घाईघाईने आली.

"काहून बसल्या बाई इथं? वाघ आहे वरच्या अंगाले. चाला माह्यासंग, सडकेनं."

शेळ्यांच्या मधोमध चालत, मागे न बघता मी गावाच्या तोंडाशी आले. ती बाई तिच्या मोहल्ल्याकडे वळली आणि मी फोन उठवला. मेसेज धडाधड आले. पहिला गावाच्या ग्रुपवरचा, मावशीने पुढे पाठवलेला: 'तलावावर वाघ. कोणी जाऊ नका.' मग तिचेच: 'कुठं आहेस.' 'तोंड दाखव.' शेवटचा: 'मावसाजी तुले शोधाले पाळीवर गेले.'

तेवढ्यात मावसाजींचाच व्हिडिओ कॉल आला. त्यांचा घामेजलेला चेहरा, मागे मोटरसायकल, आणि त्यामागे मी मघाशी ज्याखाली बसले होते तेच झाड.

"बेटा, कुठं आहेस?"

"मी गावात पोचले! तुम्ही परत या!"

"तोंड दाखव."

"याचा कॅमेरा चालत नाही, मावसाजी!"

"मले सारं कारं अंधारच दिसून राहिलं. झुडपात आहेस तू. भेऊ नको, मी येऊन राहिलो तिकडं."

ते पाळीवरून आणखी पुढे निघाले, माझ्या नावाने हाका मारत. त्यांच्या मागे कुठेतरी माकडं खोकल्यासारखी ओरडू लागली. जंगलात फिरलेल्यांना माहीत आहे, माकडं अशी वाघ दिसला की ओरडतात. मी घराकडे पळत सुटले. फोनवर मी ओरडत होते, त्यांना ऐकू जात होतं, पण त्यांचा विश्वास बसत नव्हता.

मावशी अंगणात फोन घेऊन उभी. मी तो हिसकावला. पण मावसाजींचा फोन माझ्याच कॉलवर अडकलेला. आधी तो कॉल कापायला हवा होता. बोट धजेना. तो चेहरा पडद्यावरून गेला आणि परत दिसलाच नाही तर? मावशीनेच लाल बटण दाबलं.

तिच्या फोनवरून लावलेला कॉल बराच वाजला. मग ते दिसले. मी दिव्याखाली गेले. ते निरखून बघत राहिले.

"हाव," ते म्हणाले. "दिसली."

मग मोटरसायकलचा आवाज गल्लीत येईपर्यंत आम्ही दोघी फाटकाला धरून उभ्या होतो. "त्या फोनले चुलीत घाल," मावशी एवढंच बोलली. सकाळी पाळीवर पावलं उमटलेली दिसली म्हणे. मी बघायला गेले नाही.

नागपुरात परतून महिना झाला. लिनक्सचा फोन चुलीत घातलेला नाही. मेसेजसाठी तोच वापरते. कुणी एकोडीला जाणार असाल तर जरूर जा, बदकं खरंच सुंदर आहेत, पण चेहरा दिसेल असा फोन न्या. माझा जुना फोन आता व्हिडिओ कॉलसाठी कपाटाबाहेर, चार्जिंगला असतो.

काल संध्याकाळी मावसाजींचा मेसेज आला: 'पोचलो घरी.' मी लिहिलं, 'तोंड दाखवा.' मग जुना फोन वाजला. पडद्यावर मावसाजी ओशाळं हसत होते, आणि त्यांच्यामागे अंधारत चाललेली बांधी होती.