काज-बटण तिचं

"मला नेमकं काय झालंय तेच कळत नाही, नाहीतर औषध घेतलं असतं," असं शिंपीकाका शेजारच्या इस्त्रीवाल्याला एकदा म्हणाले होते. बायको वारून तेव्हा थोडेच दिवस झाले होते. ते रडत नव्हते, जेवत होते, दुकान वेळेवर उघडत होते. मग बिघडलं होतं ते काय?

कापायचं, शिवायचं काम त्यांचं आणि काज-बटण तिचं, अशी वाटणी लग्नापासूनची. अजूनही शर्ट शिवून झाला की ते तो डावीकडच्या तिच्या स्टुलावर ठेवत आणि पुढचं कापड हातात घेत.

आज एका गिऱ्हाइकाने नवा शर्ट तिथंच अंगात घातला. "काका, बटणं कुठायत? असाच उघडा फिरू का गावभर?"

काकांनी स्टुलाकडे पाहिलं. तिथं शर्टांचा ढीग साचला होता आणि एकालाही काज नव्हतं. एवढे दिवस आपण कुणाची वाट बघत होतो?

गिऱ्हाईक गेल्यावर इस्त्रीवाला हळूच म्हणाला, "माझी वहिनी काजं करते. गल्लीच्या टोकाला राहते. तिला सांगा ना."

"काय सांगू?"

"काजं करायचीत, एवढंच. भाऊ गेला तेव्हा तीही कितीतरी दिवस दोन ताटं वाढायची. तिला कळेल."

"तिच्या जागी दुसऱ्या कुणाचा हात..." काका अडखळले. आपल्याला राग आलाय की हायसं वाटतंय, त्यांचं त्यांनाच उमगेना. त्यांनी ढीग उचलून छातीशी धरला आणि दुकान उघडंच टाकून ते गल्लीच्या टोकाकडे निघाले.