पुंजारामाचं टक्कल

पाथर्डीकडच्या त्या डोंगरावर झाडं लावण्यात पुंजारामनं उभी हयात घालवली. वनखात्यात साधा रोजंदारीचा मजूर, पण राबला असा, की डोंगर जणू बापजाद्यांचा. फक्त माथ्यावरच्या मुरमाड पट्ट्यात काही तगलं नाही. पुन्हा पुन्हा लावलं, पुन्हा पुन्हा जळालं. गावानं त्या पट्ट्याला नाव ठेवलं, ‘पुंजारामाचं टक्कल’. लोक तरी काय हुशार! हिरवा डोंगर वनखात्याचा आणि टक्कल तेवढं पुंजारामाचं. तो शब्द त्यानं स्वतः कधी तोंडातून काढला नाही.

अलिझा ही तरुण अभ्यासक नगरहून सरड्यांच्या पाहणीला आली, तेव्हा वाट दाखवायला तोच होता. गळ्याखाली निळा-केशरी पंखा उघडणारा दुर्मीळ सरडा कुठे कुठे उरलाय, याचा नकाशा ती करत होती. पुंजारामनं तिला आठवडाभर झाडीतून हिंडवलं, एकेका झाडाचं कौतुक ऐकवलं. सरडा काही दिसेना. तिचे पाय माथ्याकडे वळले की म्हणायचा, "तिकडं काय न्हाई, मॅडम. नुसता फुफाटा हाय."

शेवटी ती त्याचं न ऐकता वर चढली. पुंजाराम खाली मान घालून मागे. एका दगडावर सरडा ऐटीत बसला होता. त्यानं फटकन गळ्याचा पंखा उघडला. पलीकडच्या दगडावर दुसरा होता, त्यानंही उघडला. अलिझाचे डोळे भरून आले.

"बाबा, ही जागा उघडी राहिली म्हणून हे वाचलेत. इथं सावली झाली, की संपलंच. झाडावर शिकारी पक्षी बसतात आणि यांना टिपतात."

पट्ट्याच्या मधोमध गुडघ्याएवढा लिंब उभा होता. मजुरी सुटल्यावर खांद्यावरून कॅन वाहून त्यानंच जगवलेला. त्या मुरमात तगलेलं एकुलतं एक झाड. अलिझानं लिंबाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं.

संध्याकाळी तो कुदळ घेऊन वर गेला. मुळाची माती न मोडता लिंब काढला, घमेल्यात घालून घरी आणला आणि दारात लावायला घेतला. बायको, साळूबाई, पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

"अवो, लेकरावानी जगिवला, आन् आज उपटून आनला?"

त्यानं बुंध्याशी माती दाबली.

"ऱ्हाऊ दे गं. टकलावर येकच केस बरा दिसत न्हाई."

साळूबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. तो शब्द त्याच्या तोंडून ती पहिल्यांदाच ऐकत होती.