अप्पांसाठी जागा

तंजावरच्या स्टेशनावर अप्पा गाडीत चढायला तयार नव्हते. डब्याच्या दाराशी दांडा धरून उभे राहिले आणि मला म्हणाले, "तू जा. मी घरास जातो." शेवटी माझ्या यजमानांनी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. मायावरम स्टेशन आलं तरी माझे वडील तोंड फिरवून बसले होते.

तंजावरात राहिलेल्या आणि माझ्यासारख्या मद्रासला आलेल्या आपल्या मराठी माणसांसाठी हे लिहिते आहे. तुमच्यापैकी कित्येकांवर ही वेळ आली असेल, आणि कुणी कुणाला सांगितलं नसेल.

माझे यजमान मूळचे साताऱ्याचे, मद्रासला रेल्वेच्या कचेरीत. त्यांच्या घरी माझ्या तंजावरी बोलीला सगळे हसायचे, म्हणून ती मी हळूहळू सोडली. अप्पा तंजावरच्या हायस्कुलात तमिळ शिकवायचे. मराठी घरातला माणूस, पण तमिळ मुलांच्या तमिळमधल्या चुका काढायचा. आई गेल्यावर ते एकटे राहिले. मी एकुलती. स्वयंपाकाला एक बाई ठेवली, तेवढ्यावर दोनेक वर्षं निभावलं. मग ते बाजारात जाऊन वाट चुकू लागले. एकदा किल्ल्याच्या खंदकाच्या काठाशी बसलेले सापडले, तेव्हा त्या बाईनंच कळवलं, आता मला झेपत नाही.

म्हणून त्यांना मद्रासला घेऊन आलो. तिथे तिरुवल्लिकेणीत आमच्या माडीवर दोन खोल्या. सासूबाई, मुलं, आम्ही दोघं. सासूबाईंनी कधी नाही म्हटलं नाही. अप्पाच सुरुवातीला म्हणायचे, मुलीच्या घरी किती दिवस जेवायचं? पुढे तेही विसरले. एका सकाळी त्यांनी खोलीतच कोळशाची शेगडी पेटवली आणि वेष्टीला, म्हणजे धोतराला, आग लागली. पाय थोडा भाजला. खालच्या घरमालकानं आवाज न चढवता सांगितलं की यांच्यासाठी दुसरी जागा बघा.

मग मी जागा शोधत फिरले. म्हाताऱ्या माणसांनी राहायचं तरी कुठे, हे मला तोवर माहीत नव्हतं. एका ट्रस्टचा वृद्धाश्रम होता, स्वच्छ, सोवळ्याचा स्वयंपाक. तिथल्या मॅनेजरनं विचारलं, स्वतः आंघोळ करतात का, स्वतःचं पान उचलतात का. नाही म्हटल्यावर त्यांनी हात जोडले. सरकारी इस्पितळात डॉक्टर म्हणाले, यांना आजार नाही, म्हातारपण आहे, त्याला खाट देता येत नाही. वेड्यांच्या इस्पितळाच्या फाटकापर्यंत आम्ही गेलो. आतले आवाज ऐकून यजमान मागे वळले. एका नर्सबाईला दिवसभर घरी ठेवून पाहिलं, ती दुसऱ्या आठवड्यात आली नाही. उरलं ते ख्रिस्ती सिस्टरांचं घर. तिथे कुणालाही घ्यायचे.

आयुष्यभर संध्या केलेल्या माझ्या वडिलांना मी क्रुसाखालच्या खाटेवर ठेवून आले. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

पण खरं संकट निराळंच निघालं. अप्पांचं तमिळ गेलं. आधी व्याकरण गेलं, मग शब्द, आणि खाली फक्त त्यांच्या आईची मराठी उरली. "मज पाणी होणा," ते म्हणायचे. आमच्या बोलीत 'हवं'ला 'होणा' म्हणतात. वॉर्डातल्या कुणाला ते कळायचं नाही. सिस्टर रोझी नावाची एक तरुण सिस्टर होती, तिला मी पाच-सहा शब्द शिकवले. ती ते आपल्या मलयाळी वळणानं म्हणायची आणि अप्पा तिच्याकडे बघत राहायचे.

दर रविवारी मी जायचे. एका रविवारी मी विचारलं, "अप्पा, जेवलात का?" त्यांनी माझं बोलणं नीट ऐकलं आणि फार अदबीनं विचारलं, "तुम्ही कोण्या गांवच्या, बाई?"

मी लहानपणच्या बोलीत उत्तर द्यायला गेले. शब्द आठवेनात. जे दोन-चार आले ते त्यांना पुरले नाहीत. ते भिंतीकडे वळले.

आमच्या शेवटच्या भेटीनंतरच्या गुरुवारी ते वारले. निरोप आल्यावर आम्ही पोचलो तेव्हा सिस्टर रोझी दाराशी उभी होती. ती म्हणाली, काल दुपारभर तुमचे वडील बोलत होते, अगदी स्पष्ट, थांबून थांबून, जणू काही समजावून सांगताहेत. तिनं खुर्ची ओढून शेजारी बसून सगळं ऐकून घेतलं होतं.

"मला एक अक्षरही कळलं नाही, अम्मा," ती म्हणाली. "मी नुसतं आमा, आमा, हो, हो म्हणत राहिले. चाललं ना?"

मी चाललं म्हटलं.

तंजावरचं घर आता विकलं आहे. माझी मुलं आपसांत तमिळ बोलतात, माझ्याशी साताऱ्याची मराठी. कुणी विचारलं की तुमचं घर कुठलं, तर मी तिरुवल्लिकेणीचा पत्ता सांगते. त्या दुपारी अप्पांनी काय सांगितलं ते समजून घेणारं माणूस जिथे असतं, त्या जागेला मी घर म्हटलं असतं. अशी जागा मद्रासमध्ये नाही, आणि तंजावरातही आता उरलेली नाही.