पहिली बोट लहान नको

वानखेडेंनी खोका काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "हे परत घ्या."

मी झाकण उघडलं. तीन आठवड्यांपूर्वी मीच दिलेली फूटभर लांबीची बोट आत अर्धवट बांधलेली होती. कठड्याचे आगकाडीएवढे खांब वाकडेतिकडे चिकटलेले, दोन मोडलेले, आणि सगळीकडे गोंदाचे डाग.

शनिवार पेठेत माझं मॉडेल्सचं दुकान आहे. रिमोटवर चालणारी विमानं आणि बोटी, पण तयार नव्हे, स्वतः बांधायच्या. वीस वर्षं हेच करतेय, त्यामुळे परत आलेला खोका मला नवा नाही. लोक फोटो बघून किट घेतात, घरी जाऊन आतले तुकडे मोजतात आणि गार पडतात. वानखेडे मात्र त्यातले नव्हते. एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे इतर मशिनांसाठी साचे आणि हत्यारं बनतात तिथे, त्यांनी तेहेतीस वर्षं काढली होती. केसाच्या जाडीपेक्षा कमी फरक पकडणारा माणूस.

चूक माझी होती, ते आधीच सांगून टाकते.

पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या मोबाइलवर एका रेसिंग बोटीचा फोटो होता. आयुष्यात पहिलीच बोट बांधतोय, ही जमेल का, असं त्यांनी विचारलं. मोबाइल माझ्यापुढे धरला आणि मला फोटोच्या आधी त्यांचा उजवा हात दिसला. तो थरथरत होता. त्यांनी मोबाइल चटकन डाव्या हातात घेतला. मी पाहिलंच नाही असं दाखवलं आणि दुकानातलं सगळ्यात लहान किट काढलं. तुकडे आधीच कापलेले, नुसते चिकटवायचे. "आठ दिवसांत होईल," असंही वर मी म्हणाले. मला दया आली होती, आणि दया आली की धंद्यातलं शहाणपण चुलीत जातं.

आता ते माझ्यासमोर रागाने उभे होते. इतकी वर्षं पुण्यात काढली, तरी चिडले की त्यांची अमरावतीची बोली वर येते. "हात हालते म्हणून लेकराचं खेळणं देलं काय मले?"

मी स्टूल पुढे सरकवलं.

ते बसले आणि सांगू लागले. पार्किन्सन्सची सुरुवात आहे. गोळ्या लागू पडतायत, पण सकाळी शर्टाची बटणं बायको लावून देते. वाघोलीच्या घरी आता त्यांना कुणी काही करूच देत नाही. चहाचा कपसुद्धा अर्धा भरून मिळतो.

"मले एवढंच पाहाचं हाय ताई," ते म्हणाले, "या हातानं अजून एक वस्तू पुरी होते का नाई."

मी खोका बाजूला सरकवला आणि दुसऱ्या कुठल्याही गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी जे सांगितलं असतं, ते त्यांना सांगितलं. पहिली बोट लहान नको. लहान म्हणजे सोपी असं सगळ्यांना वाटतं, पण असतं उलट. तुकडे बारीक, आत मोटर आणि बॅटरी बसवायला जागा नाही, वजन जरा इकडचं तिकडे झालं की कलते, वाऱ्याने उलटते. पहिली बोट दोन-सव्वादोन फूट लांब, रुंद, जड आणि संथ हवी.

"मग ती रेसिंगवाली द्या."

"नाही."

"हातामुळे?"

"हात ठणठणीत असते तरी दिली नसती. पहिली बोट म्हणून ती मी कुणालाच देत नाही. पहिल्या वळणाला भिंतीवर आपटते."

या नकारावर ते चक्क खूश झाले. बऱ्याच दिवसांत त्यांना कुणी असं साधं 'नाही' म्हटलं नसावं.

शेवटी टग ठरली. टग म्हणजे बंदरात मोठ्या जहाजांना ओढून आणणारी बुटकी, दणकट बोट. या वेळी कापलेले तुकडे दिले नाहीत. नकाशा, प्लायवूड, मोटर आणि रिमोट दिला.

दर शनिवारी फोटो येऊ लागले. त्यात बोट कमी आणि शिकंजेच जास्त. नीट पाहिलं तेव्हा कळलं, प्रत्येक तुकड्यासाठी त्यांनी आधी फिक्स्चर बनवलं होतं. फिक्स्चर म्हणजे काम घट्ट धरून ठेवणारी चौकट. त्यात तुकडा अडकवायचा, करवतीलाही वाट आखून द्यायची, की ती भलतीकडे जातच नाही. मी फोनवर कौतुक केलं तर म्हणाले, "हात हलतो. फिक्स्चर हलत नाही." टूलरूममध्ये शिकाऊ मुलांसाठी ते हेच करायचे म्हणे.

मध्ये दोन शनिवार फोटो आला नाही. मला नको ते वाटायला लागलं. शेवटी फोन केला. त्यांच्या पत्नीने, नंदाताईंनी उचलला. "ते कामात आहेत, नंतर करा," म्हणून ठेवूनही दिला. कुणी फोन आपटल्यावर इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

अडीच महिन्यांनी टग तयार झाली. पाणी त्यांच्या सोसायटीच्या स्विमिंग पूलचं. सेक्रेटरींनी लेखी परवानगी दिली होती: रविवारी सकाळी साडेसहा ते सात, पोहणाऱ्यांची पहिली बॅच यायच्या आत.

मला धास्ती रिमोटची होती. सुकाणू ज्या काडीने वळवतात ती अंगठ्याने धरावी लागते, आणि अंगठ्याला फिक्स्चर लावता येत नाही. थोड्या हालचालीला सुकाणू कमी वळेल अशी सेटिंग मी करून ठेवली होती, पण भरवसा नव्हता.

टग पाण्यात सोडली. तळाशी लोखंडी वजनं होती, त्यामुळे रंगवलेल्या रेषेपर्यंत बरोबर बुडून स्थिर राहिली. वानखेडेंनी काडीवर अंगठा ठेवला. तो थरथरला, आणि मागे सुकाणूही थरथरताना मला स्पष्ट दिसलं.

बोट सरळ निघाली.

कारण साधं होतं, मला आधीच सुचायला हवं होतं. जड बोट पटकन वळत नाही. ती डावीकडे झुकायचं मनावर घेईपर्यंत सुकाणू उजवीकडे गेलेलं असतं. सगळी थरथर सुकाणूपाशीच संपत होती.

"अहो, सरळ चाललीय की," नंदाताई म्हणाल्या.

वानखेडेंनी ती पलीकडच्या भिंतीपर्यंत नेली, सावकाश वळवली, पायऱ्यांशी परत आणली. रिमोट बायकोकडे दिला आणि बोट उचलायला वाकले. आम्ही दोघी पुढे झालो, तसं त्यांनी मान वर करून आमच्याकडे असं पाहिलं की आम्ही जागीच थांबलो. दोन्ही हातांनी त्यांनी ती उचलली. हात थरथरत होते, बोटीतून पाणी निथळत होतं.

"झाली पुरी," ते म्हणाले.

मला रडू आलं, ते मी क्लोरीनवर ढकललं.

आता पहिली बोट घ्यायला कुणी आलं की मी दोनच गोष्टी विचारते: बोट कुठल्या पाण्यात सोडणार आणि बांधायला टेबल केवढं आहे. हातांची चौकशी करत नाही. त्यांचं काय करायचं, ते ज्याचं त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.