दावं गाडीबरोबर गेलं

आधीच सांगतो, या सदरातले अनुभव मी चहाबरोबर, हसण्यासाठी वाचतो. हडळ, चकवा, पिंपळ... मंडळी, माफ करा, पण मला ते कधी पटलं नाही. शाळेत विज्ञान शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. आणि पुढे लिहितोय त्यातही भूत नाहीच. असतं तर बरं झालं असतं, निदान कुणाला तरी शिव्या घालता आल्या असत्या.

आमचं गाव उचगाव, बेळगावजवळ. वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. बेळगावच्या लष्करी कॅम्पातला एक साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा आप्पांनी त्याची जुनी स्टेशन वॅगन विकत घेतली. हिरवी, लांबलचक, मागच्या दाराला लाकडी चौकट. शेतकऱ्याच्या दारात मोटार, त्यामुळे गावाला चेष्टेला विषय मिळाला. पण रताळ्याची पोती, लग्नाचं वऱ्हाड, अडलेली बाई, सगळं तिच्यातूनच जायचं. आप्पांनी तिला कधी रंग लावू दिला नाही. म्हणायचे, "माणूस म्हातारा झाला म्हणून त्याला रंगवताय व्हय रं?"

गाडीवरच्या प्रत्येक खुणेची त्यांच्याकडे गोष्ट होती. मडगार्डचा पोचा चिकोडीच्या बाजारात बुजलेल्या बैलाचा. डाव्या दारावरचा ओरखडा आक्काच्या, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नातला — बेळगुंदीला मांडवाच्या कमानीला गाडी घासली होती. टपावरचे बारीक खड्डे गारपिटीचे. तवंदी घाटात गारांनी गाठलं, मी मागे बसून भोकाड पसरलं, तेव्हा गाडी थांबवून आप्पांनी मला मांडीवर घेतलं होतं. आणि मागच्या लाकडी चौकटीवर बारीक रेघा होत्या, त्या आईच्या बांगड्यांच्या. कळा असह्य झाल्या तेव्हा तिने ती चौकट घट्ट धरली होती. दवाखाना गाठायच्या आत मी गाडीतच जन्मलो. या गोष्टी आम्ही इतक्या वेळा ऐकल्या होत्या की शेवटचं वाक्य आक्का आप्पांच्या आधी म्हणायची.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आप्पांची नजर अधू झाली आणि गाडी दारात उभी राहिली. निपाणीचे एक तंबाखूचे व्यापारी, त्यांना जुन्या गाड्यांचा नाद, ते येऊन सगळीकडून हात फिरवून गेले. म्हणाले, "आप्पा, हाय तशी द्या. रंगाचं बोट लावणार न्हाय." आप्पांना तेवढंच ऐकायचं होतं.

मागच्या दाराची कडी कधीच मोडली होती, ते दार बैलाच्या जुन्या दाव्याने बांधलेलं असायचं. आमच्याकडे जनावर विकलं तर दावं सोडून घरात ठेवतात. जनावर जावं, दावं जाऊ नये, नाहीतर घरातलं बरंच काही त्याच्यामागून जातं म्हणतात. गाडी निघताना आई पुढे झाली. "दावं तेवढं सोडून घ्या."

"ती काय बैल हाय व्हय गं?" आप्पा हसले. "हाय तशी देतो म्हणून शब्द दिलाय मी."

दावं गेलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी जेवताना मी चिकोडीच्या बैलाचा विषय काढला. आप्पा म्हणाले, "कुठला बैल?" चेष्टा करतायत असं वाटून मी सोडून दिलं. पण पुढे आक्का माहेरी आली, तिच्या लग्नाच्या गोष्टी निघाल्या, तर आप्पांनी शांतपणे विचारलं, "मी आलतो व्हय गं लग्नाला?" आक्का आत जाऊन रडली. डॉक्टर म्हणाले, वय झालं. मलाही तेच वाटत होतं. आई मात्र एकच धरून बसली — "गाडीला कोन तरी हात लावतंय. जाऊन बघून ये."

तिचं तोंड बंद व्हावं म्हणून मी निपाणीला गेलो. निघताना आप्पा ओट्यावर बसून शेजाऱ्याला गारपिटीची गोष्ट सांगत होते, माझ्या रडण्यासकट. मला बरं वाटलं.

व्यापारी तंबाखूच्या कामाला गुंटूरला गेलेले. मागच्या शेडमध्ये एक पेंटर काम करत होता. मडगार्डचा पोचा ठोकून सपाट केलेला. डाव्या दारावरच्या ओरखड्यात पुट्टी भरून घासलेली. टपाला अजून हात लागला नव्हता. मी ते एकेक करून मोजत गेलो. बैल, लग्न... आणि गारपीट अजून शिल्लक.

"शेठच्या जावयाला नवी कोरी पायजे," पेंटर म्हणाला. त्याच्या हातात पॉलिशपेपर होता. मी धावतच मागे गेलो. लाकूड पिवळंधमक, गुळगुळीत. मी बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. आईच्या बांगड्यांची एकही रेघ लागली नाही. "हे आत्ताच झालं बघा," तो कौतुकाने म्हणाला.

मी त्याच्यापुढे अक्षरशः हात जोडले. काय सांगितलं ते आठवत नाही, पण शेठ येईपर्यंत थांबतो म्हणाला बिचारा. कोपऱ्यात पडलेलं दावं मी उचललं आणि एसटी पकडली. तवंदीच्या घाटात बस रांगत होती आणि मी मुलांना शिकवलेलं सगळं विज्ञान स्वतःला समजावत होतो. योगायोग असतो. वय असतं.

घरी आप्पा ओट्यावरच होते. पावलं वाजली तसे ते उठून उभे राहिले. माझ्यासाठी ते आयुष्यात कधी उठले नव्हते.

"या पाव्हणं. कुनाकडं आलाय?"

"आप्पा, मी..." मी माझं नाव सांगितलं. माझा आवाज तरी ओळखतील असं वाटलं.

"बरं बरं. बसा की." मग आत तोंड करून आईला म्हणाले, "पाव्हण्यांना च्या टाक गं." आईचा आवाज त्यांनी ओळखला होता. आक्काचा, शेजाऱ्यांचा, सगळ्यांचा ते शेवटपर्यंत ओळखत राहिले. मुलगा मात्र त्यांना नव्हताच. आईने दावं खुंटीला अडकवलं, रोज त्याला हळदकुंकू वाहिलं. काही फरक पडला नाही.

शेठ भला माणूस, ऐकल्यावर त्यांनी काम थांबवलं. टप तसाच राहिला. आप्पा पुढे काही वर्षं जगले. मी घरी गेलो की मला पाव्हणा समजून आदराने बसवायचे आणि गारपिटीची गोष्ट सांगायचे. घाट, काळं आभाळ, टपावरचा आवाज, सगळं जसंच्या तसं. याचं उत्तर मला तेव्हाही सापडलं नाही, आजही नाही. कुणाकडे असेल तर सांगा, मी हसणार नाही.

गोष्टीच्या शेवटी ते नेहमी म्हणायचे,

"मागं एक बारकं पोरगं हुतं बघा. लई रडत हुतं. म्या मांडीवर घेटलं. कुनाचं हुतं कुनास ठावं... पर आजून त्याची काळजी वाटती."